दीनाबाईचं सार्डिनिया

नांदूरवस्तीत कुणाची तव्यावरची भाकरी करपली, किंवा एस.टी. नाकासमोरून निघून गेली तरी हात दाखवायचं राहून गेलं, की लोक हसून विचारतात, "काय गं, सार्डिनियाला गेल्तीस व्हय?" पुणतांब्याच्या अलीकडं, गोदावरीच्या काठाला, उसात दडलेली ही एवढीशी वस्ती. इथल्या कित्येकांचं नगरसुद्धा धड पाहून झालेलं नाही. पण सार्डिनिया म्हटलं की शेंबडं पोरही सांगेल, इटलीच्या बाजूला समुद्रात बेट आहे आणि तिथं बैलांच्या शिंगांना संत्री खोचतात. ही सगळी करणी दीनाबाई मकासरेची.

आता दीनाबाई तिथं कधी गेली होती का? अहो, कसली जातेय! विमान तिनं पाहिलं ते शिर्डीला उतरताना, तेही खालून, डोक्यावर गवताचा भारा असताना. पण डोळे मिटले की बाई तिथं पोचलीच म्हणून समजा. भाजी निवडता निवडता हात थांबायचा, नजर समोरच्या भिंतीतून आरपार जायची, आणि शेजारची चांगुणा ओरडायची, "दीने, परत ये! मेथी गाईला टाकतीस आन् काड्या पातेल्यात!"

हे वेड तिला लावलं मूळच्या सार्डिनियाच्या सिस्टर बोनारियानं. दीनाबाई लग्न होऊन वस्तीत आली तेव्हा मिशनच्या सिस्टरांच्या बोर्डिंगात स्वयंपाकाला बाई हवी होती. नवरा जॉर्ज गवंडीकाम करायचा, चार दिवस काम तर चार दिवस बसून, म्हणून दीनाबाई रांधायला लागली. तिथल्या स्वयंपाकघराचा कारभार या सिस्टरकडं. ठेंगणी, लालबुंद, नाकावर राग. मराठी फडाफडा बोलायची, पण क्रियापद मनाला येईल तिथं ठेवायची. पहिल्याच दिवशी तिनं दीनाबाईची पोळी उजेडापुढं धरली आणि म्हणाली, "जाड आहे ही. माझ्या गावात बायका लाटतात अशी, पलीकडं दिसतो डोंगर." मग तिनं स्वतः लाटून दाखवली. भट्टीत टाकली तर टम्म फुगली, सिस्टरनं सुरीनं तिचे दोन पदर वेगळे केले आणि पुन्हा भाजले. पापडासारखी कुरकुरीत भाकर झाली, महिनाभर टिकणारी. तिकडचे मेंढपाळ ती पिशवीत घालून डोंगरात जातात म्हणे. दीनाबाईनं तुकडा मोडून खाल्ला आणि तिथूनच तिचा प्रवास सुरू झाला.

कारण भाकरी लाटताना सिस्टर बोलायची. तिचं गाव ओलिएना, पांढऱ्या चुनखडीच्या डोंगराखाली. बारा महिन्यांचे सण ती एकेक करून सांगायची आणि दीनाबाईच्या लाटण्याखाली ते सगळे येऊन बसायचे. ऐन जानेवारीच्या थंडीत संत अंतोनीच्या नावानं चौकाचौकांत होळ्या पेटतात. शेजारच्या गावात काळे लाकडी मुखवटे घातलेले पुरुष निघतात, अंगावर मेंढीची कातडी, पाठीवर मणाच्या घंटा, आणि सगळे एकाच ठेक्यावर उडी घेतात, धम्म की पुन्हा शांत, धम्म की पुन्हा शांत. उन्हाळ्यात घोडेस्वार देवळाभोवती असे बेफाम घोडे फेकतात की आयाबाया डोळे झाकून घेतात. आणि मे महिन्याच्या पहिल्या दिवशी एका संताची गाडी बैल ओढतात. बैलांच्या गळ्यात घुंगरं, कपाळावर फुलं, शिंगांच्या टोकांना संत्री, आणि रस्त्यावर गुलाबाच्या पाकळ्यांचा असा सडा की चाकांचा आवाज होत नाही.

"म्हंजी पोळाच की वो सिस्टर!" दीनाबाई म्हणाली.

"पोळा नाही!" सिस्टर कडाडली. मग पोळा म्हणजे काय ते तिनं नीट विचारून घेतलं, आणि पोळ्याला बिभीषणाच्या, म्हणजे चांगुणेच्या नवऱ्याच्या बैलांना ओवाळायला स्वतःच गेली. दोन मोसंबी घेऊन गेली होती. शिंगांना खोचायला. बिभीषण आजही ती गोष्ट सांगतो आणि हसून हसून खोकतो.

तसंच गव्हाचं. ईस्टरआधीच्या उपवासाच्या दिवसांत सिस्टरनं ताटलीत कापूस ओला केला, वर गहू पसरले आणि ती ताटली कोठीच्या अंधारात ठेवली. गहू उगवले ते पिवळट पांढरे, लांबसडक, उजेड न पाहिलेले. गुड फ्रायडेच्या आदल्या दिवशी, पवित्र गुरुवारी, त्यांना लाल फीत बांधून ते चर्चच्या वेदीपुढं मांडायचे. चांगुणेनं पाहिलं आणि तोंडावर हात ठेवला. "अगं, हे तर आमचे घट!" त्या वर्षापासून नवरात्रात चांगुणेच्या घटाला दीनाबाई पाणी घालते आणि पवित्र आठवड्यात दीनाबाईच्या गव्हाला चांगुणा. देवांची काही तक्रार आलेली नाही.

पण या सगळ्यांहून दीनाबाईच्या जिवाला लागली ती ईस्टरची भेट. सिस्टरच्या गावात पुनरुत्थानाच्या सकाळी येशूची मूर्ती एका वाटेनं निघते आणि मारियेची दुसऱ्या वाटेनं. मारिया काळ्या घुंगटात असते, कारण तिला अजून कळलेलं नाही. तिचा मुलगा मेला, ती त्याला शोधत फिरतेय. चौकात दोघं समोरासमोर येतात, तीनदा एकमेकांपुढं वाकतात, तिसऱ्या वेळी तिचा काळा घुंगट ओढून काढतात, आणि लोक छपरांवरून बंदुकांचे बार काढतात. हे सांगताना सिस्टरचं लाटणं थांबायचं. एकदा दीनाबाई म्हणाली, "मग इथं करू की. आळ्या दोन हायेतच."

तेव्हापासून नांदूरवस्तीत भेट होते. वरच्या आळीतून पुरुष येशूची पालखी आणतात, खालच्या आळीतून बायका मारियेची. पारापाशी भेट. बंदुका कुठल्या? बिभीषण सुतळी बाँब लावतो, आणि हा मान त्यानं आजवर कुणाला दिलेला नाही. घुंगट ओढण्याचा मान दीनाबाईचा. तो एका झटक्यात, अलगद निघाला की वर्ष चांगलं जातं. आणि भेटीआधीच वाऱ्यानं उडाला तर मात्र वाईट, घराघरांत ताटातूट होते, असं सिस्टर सांगायची. सिस्टर म्हातारी होऊन मायदेशी गेली, आणि जाताना दीनाबाईच्या हातात आपल्या आईची शाल देऊन गेली. काळी, रेशमी फुलांनी भरलेली, ओलिएनाच्या बायका सणाला घेतात तशी. तेव्हापासून मारियेचा घुंगट म्हणजे ती शाल.

इथवर सगळं गोड आहे. कडू आहे ते केविनचं.

केविन हा दीनाबाईचा एकुलता एक. चाकणला एका कंपनीत ट्रक चालवायचा. सहा-सात वर्षांपूर्वी मे महिन्यात जॉर्ज बांधकामाच्या परांचीवरून पडला आणि गेला. केविन तेव्हा गाडी घेऊन कर्नाटकात होता. निघालो म्हणाला, पोचतो म्हणाला. वस्तीवर वीज नव्हती, बर्फ आणलेला वितळून चालला होता, उन्हानं पत्रे तडतडत होते. माणसं कुजबुजायला लागली. कुणीतरी दीनाबाईला विचारलं, थांबायचं का? तिनं जॉर्जच्या तोंडाकडं पाहिलं. तिला ते तोंड बिघडू द्यायचं नव्हतं. म्हणाली, "न्हाई. उरका."

केविन पोचला तेव्हा कबर बुजवून माणसं विहिरीवर हातपाय धूत होती. बापाला मूठभर माती द्यायची राहिली. तो कब्रस्तानाच्या फाटकातूनच मागं वळला. आईला एवढंच म्हणाला, "थोडं थांबली असतीस." नंतर बोलणं बंद. त्याची बायको मोनिका ह्याच वस्तीतली, वरच्या आळीच्या काकासाहेब पंडितांची लेक. नाताळ-ईस्टरला तो सासरी यायचा, चर्चमध्ये मागच्या बाकावर बसायचा, आणि आशीर्वाद झाला की फटफटीला किक मारायचा. दीनाबाईनं फोन केले, निरोप धाडले. मोनिका बिचारी म्हणायची, "आई, मी लई सांगते वो. तुमचं नाव काढलं की उठून जात्यात." वस्तीत हे सगळ्यांना ठाऊक होतं. म्हणून तर तिच्या सार्डिनियाच्या फेऱ्या वाढल्यावर कुणी पहिल्यासारखं मोठ्यानं हसत नव्हतं. खरं सांगायचं तर त्या गावात तिला बरं वाटायचं. तिथं दरवर्षी आईला मुलगा भेटतो.

यंदा गुड फ्रायडेला क्रूसाच्या वाटेची प्रार्थना संपवून बाया परतत होत्या, तेव्हा चांगुणा धापा टाकत आली. "दीने, आयकलं का? काकासाहेबांची कंबर धरलीय. त्यांच्या जागी येशूच्या पालखीला फुडच्या दांड्याला कोन माहितीय का?"

"कोन?"

"तुजा केविन."

दीनाबाई रस्त्यातच बसली. बसली म्हणजे बसलीच, फुफाट्यात. पुढचा दांडा म्हणजे भेटीच्या वेळी समोर, हातभर अंतरावर. सहा-सात वर्षांत तिनं त्याची पाठच जास्त पाहिली होती.

"बोलंल का गं त्यो?" तिनं विचारलं.

"आता ते मी कसं सांगू, माजे बाई? देवाच्या पालखीखाली तोंड फिरवून तर न्हाई ना जाता येत."

शनिवारभर दीनाबाई घरात होती कुठं! पुरणाला डाळ घातली की मटणाला वाटण वाटलं, तिला आठवेना. ती ओलिएनाच्या गल्ल्यांतून हिंडत होती. दगडी पायऱ्यांवर भरजरी शाली घेतलेल्या बाया उभ्या होत्या, खिडक्यांतून चादरी सोडलेल्या, पांढरा डोंगर उन्हात चमकत होता. एका गल्लीतून मारिया येत होती. दीनाबाईनं वाकून घुंगटाखाली पाहिलं तर आत चेहरा तिचाच. ती दचकली. दूध उतू गेलं होतं.

ईस्टरच्या सकाळी वारं सुटलं. एप्रिलचं, धुळीचं, दिशा नसलेलं. चर्चच्या मागच्या खोलीत दीनाबाई मारियेला सजवत होती, आणि दार उघडलं की शाल फडफडून उडू बघायची. एरवी ती नुसती डोक्यावरून सोडायची, हनुवटीखाली एक सैल गाठ, ओढली की सुटली. पण यंदा तिला त्या गाठीचा भरवसा वाटेना. वाटेतच उडाली तर? आजच, केविन समोर असताना? ताटातूट ती आणखी किती सोसणार होती? नको रे बाबा. तिनं ब्लाऊजची पिन काढली आणि शाल मारियेच्या मानेमागं, केसांच्या खोबणीतल्या कापडी हाराला पक्की अडकवली. पारापाशी पोचलो की पहिल्या वाकण्याआधी काढायची, असं तिनं स्वतःला बजावलं. दोनदा बजावलं.

हलगी वाजायला लागली. खालच्या आळीतून बायांनी पालखी उचलली. दीनाबाई पुढं, शालीचं टोक हातात धरून. वाऱ्यानं सगळ्यांच्या साड्या फडफडत होत्या, पण शाल जागची हलली नाही. दारादारांतून चांगुणेच्या सुनांनी पाकळ्या टाकल्या, झेंडूच्या होत्या, गुलाब महाग. दीनाबाईच्या पायांखाली धूळ होती की दगडी फरसबंदी, तिला सांगता आलं नसतं. दोन्ही गावं एकमेकांत मिसळून गेली होती. पिंपळामागं पांढरा डोंगर होता, आणि छपरांवर काळ्या टोप्यांचे बंदूकवाले उभे होते.

मग वळणावर येशूची पालखी दिसली.

पुढच्या दांड्याला केविन. पांढरा सदरा, मान खाली. दाढीत पांढरे केस आले होते. कधी आले? कुणी सांगितलं नाही तिला. डोंगर गेला, टोपीवाले गेले, ओलिएना सगळंच्या सगळं पुसलं गेलं. पाराजवळचा रस्ता, धूळ आणि तिचा पोरगा, एवढंच राहिलं. पिनेची आठवण कुठली राहायला!

पहिल्यांदा पालख्या वाकल्या. हलगी थांबली. दुसऱ्यांदा वाकल्या. केविन मान वर करत नव्हता. तिसऱ्यांदा बायांनी गुडघे टेकले, पुरुषांनी टेकले, आणि दीनाबाईनं शालीचं टोक ओढलं.

शाल निघाली नाही.

तिनं पुन्हा ओढलं. मारियेची मूर्ती पुढं डुलली, बायांनी "अगं अगं" करत दांडे सावरले. रेशमात कुठंतरी टर्र आवाज झाला. छपरावर बिभीषण पेटती उदबत्ती घेऊन खोळंबला. कुणीतरी पुटपुटलं, "आरं देवा, यंदा घुंगटच निघंना." दीनाबाईनं चाचपडत हात मानेमागं घातला, पिन बोटाला लागली, पण रेशमात रुतलेली ती उघडेना. डोळ्यांत पाणी, समोर सगळं धूसर. मारिया काळ्या घुंगटातच राहणार, आणि त्याला कारण आपण. आपलीच घाई आणि आपलीच भीती, दरवेळी. तिला तिथंच हुंदका फुटला, सगळ्या वस्तीदेखत.

येशूची पालखी एका अंगाला कलली. पुढचा दांडा रिकामा झाला होता. "आरं धरा, धरा!" काकासाहेब पंडित धरलेली कंबर विसरून धावले आणि दांड्याखाली खांदा दिला.

"थांब आई, बोचंल तुला," तिच्या कानाशी कुणीतरी म्हणालं.

तिनं हात काढला नाही. काढताच येईना. केविननं तिची बोटं एकेक करून बाजूला केली. शालीखाली वाकून पाहिलं.

"पिन कशाला लावलीस गं?"

"वारं हुतं," दीनाबाई म्हणाली. "उडून जाईल वाटलं."

"एवढी घट्ट?"

"व्हय."

त्यानं नखानं पिन उघडली, दातात धरली, आणि दोन्ही हातांनी शाल सोडवली. मग ती ओढली मात्र नाही. टोक परत आईच्या हातात दिलं. "वढ आता," पिन दातांत तशीच धरून तो म्हणाला.

दीनाबाईनं ओढलं. मारियेचं तोंड उघडं पडलं, निळ्या डोळ्यांचं, रंग जरा उडालेलं. बिभीषणानं एकदम सगळेच बाँब पेटवले, कुत्री पळाली, कावळे उठले, चांगुणा मोठ्यानं रडायला लागली आणि कुणीतरी "आलेलुया" म्हणायचं सोडून "आरं काकासाहेबाला बघा" म्हणत होतं, कारण काकासाहेब दांड्याखाली वाकले ते सरळ होईनात. फादर हसत होते. येशू तिरपा उभा होता.

केविन जाऊन दांडा धरेल असं सगळ्यांना वाटलं. तो उभाच राहिला. पिन बंद करून त्यानं आईच्या तळहातावर ठेवली, आणि धुळीकडं पाहत म्हणाला, "दुपारी बाबांकडं जायचंय. माझी माती द्यायची राहिलीय. तू पन चल संगं. मला एकट्याला फाटकाच्या आत जाववत न्हाई."

दीनाबाईनं नाक पदरानं पुसलं.

"आधी जेवून घे," ती म्हणाली.